दीड सेंटीमीटरचा फरक

कोळसेवाडीतल्या मंजुळा शेजवळने शिवलेला ब्लाउज अंगात गेला नाही, असं गेल्या अठ्ठावीस वर्षांत दोनदाच झालं, आणि दोन्ही वेळा चूक गिऱ्हाइकाची होती. एकीने माप देऊन मग महिनाभर माहेरी मुक्काम ठोकलेला, आणि दुसरीने मापाला स्वतःऐवजी धाकट्या बहिणीला पाठवलेलं. बाकी मंजुळाचं माप म्हणजे माप. दुकानासमोरून एखादी बाई नुसती चालत गेली तरी ही मशीनवरून मान न उचलता पुटपुटायची, "छत्तीस. खांदा साडेतेरा. डावा जरा उतरता." गळ्यातली टेप अंघोळीपुरती काय ती खाली यायची.

अशा बाईला स्वतःच्या गाडीचं माप तीन वर्षं कळलं नाही, ही गोष्ट तिची शेजारीण कलावती आजही येईल त्याला सांगते. आणि सांगताना इतकी हसते, की ऐकणाऱ्याला तिच्या पाठीवर थोपटून पाणी पाजावं लागतं.

मंजुळा गाडी शिकली ती एक्कावन्नाव्या वर्षी. लग्नघरचे अकरा ब्लाउज पोचवायचे होते, हातात गठ्ठा, वर ऊन, आणि ओळीने सात रिक्षावाल्यांनी मान हलवून नाही म्हटलं. सातव्याला ती म्हणाली, "भाऊ, परत विचारणार नाही," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकड्यावर जाऊन बसली. नवरा राजरत्न महापालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन. शांत माणूस. तो एवढंच म्हणाला, "शीक की. मी मागे बसेन." तो आजही मागेच बसतो, आणि गाडी सुरू झाली की डोळे मिटतो.

मग दिवा गावातल्या एका हौशी माणसाकडून दुसऱ्या हातची फिकट निळी गाडी घेतली. छोटी, नऊ वर्षं जुनी, पण इंजिन चांगलं. मंजुळा तिच्यातून कल्याण-डोंबिवलीभर ब्लाउज पोचवू लागली. शेजारच्या सीटवर कायम कलावती. कलावती तिच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, संगमेश्वरकडची, मंजुळापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. दुकानात हुक-काज आणि साडीचा फॉल तिच्याकडे. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार.

गाडीत खोट एकच. स्पीडब्रेकर आला की पोट घासायचं. खर्र्र! असा आवाज, की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा उठून बाजूला व्हायची. आणि कल्याण पूर्वेत स्पीडब्रेकर किती आहेत ते काय सांगायचं! एका गल्लीत तर ज्याच्या-त्याच्या दारासमोर ज्याचा-त्याचा एक आहे.

पहिल्या महिन्यातच मंजुळाने निदान केलं. "ताई, राग मानू नका. वजन होतंय."

"कशाचं? ब्लाउजांचं?"

मंजुळाने समोर रस्त्याकडे बघितलं. कलावती समजली.

तेव्हापासून पद्धतच पडली. मोठा स्पीडब्रेकर दिसला की मंजुळा गाडी थांबवायची, कलावती पर्स सावरत उतरायची, स्पीडब्रेकर पायी ओलांडायची, पलीकडे उभी राहायची, गाडी हळूच खर्र् करत तिच्यापाशी यायची आणि ती परत बसायची. रिक्षा स्टँडवरची माणसं आधी बघत राहायची. पुढे पुढे त्यातला एकजण ती उतरली की उठून सलाम ठोकायला लागला. कलावतीही मान लववून सलाम घ्यायची. खडकपाड्याला जाऊन येईपर्यंत तिची नऊ वेळा चढउतर व्हायची.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण तिसऱ्या वर्षी कलावतीने मनाला लावून घेतलं आणि भात सोडला. कोकणातल्या बाईने भात सोडला! सकाळ-संध्याकाळ नाचणीची भाकरी. आठ महिन्यांत पाच किलो उतरली, तोंड उतरलं ते वेगळंच. गाडी मात्र घासायची ती घासायचीच.

आणि या सगळ्यात मंजुळाला खरी टोचणी होती ती खडवलीची. तिथे तिचे वडील, आबा, एकटे राहायचे. वय त्र्याऐंशी. उभी हयात रेल्वेच्या गँगमध्ये रुळांवर काढलेला माणूस, आता गुडघे गेलेले. मुख्य रस्त्यावरून त्यांच्या घराकडे जाणाऱ्या वाटेत पाण्याचा पाइप आडवा गेलाय, आणि त्यावर कुणीतरी सिमेंटचा उंचवटा करून ठेवलाय. ती गाडी काही तो ओलांडायची नाही. मंजुळा गाडी रस्त्यावर ठेवून चालत जायची. आधी आबा काठी टेकत रस्त्यापर्यंत यायचे, सीटवर बसून चहा प्यायचे आणि परत जायचे. वर्षभरापासून तेही बंद. दर खेपेला विचारायचे, "मंजे, गाडी दारात कधी आणतेस?"

"आणते आबा," ती म्हणायची. काय आणते, कपाळ!

तर नवरात्र पंधरा-वीस दिवसांवर आलेलं. नऊ दिवसांचे नऊ रंग, घरटी दोन बायका, म्हणजे मंजुळाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. अशात एका सकाळी मागचं चाक बसलं. पंक्चरवाला दगडू म्हात्रे नाक्यावरच असतो. पन्नाशीचा, इथल्याच जुन्या गावातला. त्याने चाक फिरवून बघितलं आणि हातातली पंक्चरची रबरी काडी खाली ठेवली.

"मंजुलाताय, पंक्चर काय, कारतो मी. पन टायरात रायलंय काय? ही बग नक्षी. नक्षीच्या मधी ह्यो उंचवटा दिसतंय ना, तिथपरत घासला की टायर खलास. तुजा तर त्याच्या बी खाली गेला. चारी बदल."

"चारी?"

"नायतर पावसान घसरशील नि माजं नाव घेशील."

मंजुळा उकिडवी बसली. टायरच्या अंगावर आकडे उठलेले होते. तिने आजवर त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. १५५/६५ आर १३.

"दगडूभाऊ, हे माप का?"

"माप नायतर काय. पयला रुंदी, मिलीमीटरमधी. दुसरा उंची, पन ती रुंदीच्या शेकड्यान. शंभराला पासष्ट. तिसरा मदल्या लोखंडी रिमचा, तो इंचान."

मंजुळाचा चेहरा उजळला. अर्धं माप मिलीमीटरमध्ये, अर्धं इंचात, आणि मधलं शेकड्यात! असलं घोळाचं माप घेऊन येणारी गिऱ्हाइकं तिने आयुष्यभर हाताळलेली. गळ्यातली टेप आपोआप हातात आली. रुंदी साडेपंधरा, बरोबर. रिमपासून वर जेमतेम दहा, शंभराला पासष्टच्या हिशेबाने तेही बरोबर. तिने ओढणीच्या टोकाने घाम पुसला आणि चारी चाकं मोजून काढली. मग तिच्या मनात आलं, स्टेपनी पण बघू. चार घ्यायचेत की पाच?

डिकीतली स्टेपनी तीन वर्षांत कुणी पाहिली नव्हती. तिच्यावर चादर, चादरीवर कापडांचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर कलावतीची छत्री. पंक्चर झालं की दगडू जागच्या जागी काडी मारून द्यायचा, मग स्टेपनी काढायची कशाला? मंजुळा आणि कलावतीने मिळून सगळं उपसलं. दगडूने स्टेपनी ओढून बाहेर काढली आणि मागच्या चाकाशेजारी उभी केली.

स्टेपनी मोठी होती. डोळ्यांना दिसेल इतकी मोठी.

मंजुळाने आकडा वाचला. १४५/८० आर १३. टेप लावली. रुंदीला एक सेंटीमीटर कमी, पण उंचीला जास्त. आडवं माप घेतलं: छप्पन्नच्या वर. बाजूचं चाक त्रेपन्न.

"ह्यो कंपनीचा हाय," दगडू म्हणाला. "गाडीसंगती आलेला, एकदा बी रस्त्याला न लागलेला. ड्रायव्हरचं दार उघड, तिथं खांबाला स्टिकर असतंय."

दार उघडलं. खांबावर, सीटबेल्टच्या खाली, धुळीत पांढरा स्टिकर. मंजुळाने थुंकी न लावता, ओढणीने नीट पुसला. १४५/८० आर १३. खाली हवेचा दाबही लिहिलेला. तीन वर्षं ती त्या स्टिकरला मांडी घासून गाडीत बसत होती.

दिव्याच्या त्या हौशी माणसाने गाडी खाली बसलेली, रुबाबदार दिसावी म्हणून बुटके टायर टाकलेले. इतकंच. तीन सेंटीमीटरने बुटके. चाकाचा वरचा अर्धा भाग गाडी उचलत नाही, म्हणजे गाडी दीड सेंटीमीटर खाली. मंजुळाला दीड सेंटीमीटर कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दीड सेंटीमीटर म्हणजे हुक लागतं आणि लागत नाही यातला फरक.

तिने हळूच मागे वळून बघितलं.

कलावती कमरेवर दोन्ही हात ठेवून उभी होती. "म्हणजे," ती म्हणाली, "मी नव्हते."

"ताई..."

"आठ महिने, मंजे! आठ महिने मी भाताकडे बघितलं नाही! मुलाच्या वाढदिवसाला घरात बिर्याणी झाली, मी भाकरी मोडून खाल्ली! माझं वजन नव्हतं, तुझा टायर बुटका होता!"

"ताई, चुकलं माझं."

"तो रिक्षावाला मला सलाम ठोकतो!"

आणि इथे कलावतीला काय झालं कुणास ठाऊक, तिला हसू फुटलं. आधी नुसतं खांदे हलले. मग ती डिकीच्या कडेवर बसली, गाडी करकरली, त्याने आणखी फुटलं. मंजुळा हसायला लागली. दगडूही हसला. हसता हसता मंजुळाला आणखी एक गोष्ट सुचली आणि ती मटकन खालीच बसली. चाक लहान, म्हणजे तेवढ्याच अंतराला फेरे जास्त, म्हणजे काटा जास्त दाखवणार. "ताई! मी नाशिक रस्त्याला ऐंशीने चालवली म्हणून सगळ्या चाळीत सांगितलं ना? ती ऐंशी नव्हतीच हो! पंचाहत्तर-शहात्तर असेल!"

"खोटारडी," कलावती डोळे पुसत म्हणाली.

आता प्रश्न चार टायर घ्यायचे कुठून. पहिलं दुकान कल्याणातच. तिथल्या विक्रेत्याने चाकाकडे नजर टाकली आणि म्हणाला, "मॅडम, एकशे पंचावन्न पासष्ट. हाच बसलाय, हाच घ्या. ऑफर चालूय, चोवीसशेला एक."

"बसलाय, पण चुकीचा बसलाय."

"चालतंय ना पण गाडी?"

"दादा," मंजुळा म्हणाली, "चुकीच्या मापाचा ब्लाउज उसवून परत त्याच मापाचा शिवू का?" दोघी निघाल्या.

जावई सुमित फोनवर म्हणाला, "आई, त्यापेक्षा रुंद टाका ना, एकशे पासष्ट. गाडी काय दिसेल माहितीय? आणि ग्रिप येते."

"दिसायला रुंद टाकला आणि वळताना आतल्या बाजूला घासला तर?"

"थोडंसं घासेल फक्त."

"सुमितराव, घासण्यातून तर बाहेर पडतेय मी."

डोंबिवलीच्या दुकानात योग्य माप होतं, आणि भाव ऐकून कलावतीने मंजुळाला चिमटा काढला. एकवीसशे! पण दगडूने निघताना बजावलेलं, टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मंजुळाने टायर फिरवून फिरवून ते शोधले. ३२१९. एकोणीस साल, बत्तिसावा आठवडा.

"काका, सहा वर्षांचा आहे हा."

"पण वापरलेला नाही ना! नवा कोरा आहे बाई. पॅकिंगमधला."

मंजुळाने पर्समधून एक इलॅस्टिकचं बंडल काढलं. हे ती मुद्दाम घेऊन निघालेली. कपाटाच्या मागे पडून राहिलेलं, पाच वर्षं तरी झालेली. "हेपण कोरंय," ती म्हणाली आणि टोक कलावतीच्या हातात दिलं. कलावतीने ताणलं. इलॅस्टिक तट्‌कन तुटलं आणि तुटलेलं टोक जाऊन काकांच्या कॅलेंडरवर आपटलं. काका आधी कॅलेंडरकडे, मग इलॅस्टिककडे, मग स्वतःच्या टायरांच्या राशीकडे बघत राहिले.

"रबर ते रबर, काका," मंजुळा म्हणाली. "कंबरेचं तुटलं तर फजिती होते. हे तुटलं तर माणूस जाईल."

ठाण्याच्या दुकानाचा पत्ता कुणी दिला, ते आता दोघींनाही आठवत नाही. टेंभी नाक्यापासून आत, एका गल्लीत. नाक्यावर देवीच्या मंडपाचे बांबू चढत होते, दोरखंड रस्त्यावर पसरलेले, त्यातून गाडी काढता काढता मंजुळाने दोन बांबूवाल्यांना तिथल्या तिथे शिस्त लावली. दुकानात गल्ल्यावर एक बाई बसलेली. मंदाकिनी नाव. पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू, आणि मागच्या भिंतीला तिच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. टायरांच्या वासाने भरलेल्या त्या दुकानात ती अशी बसलेली, जसं काही दागिन्यांचं दुकान आहे.

तिने काहीही न विचारता आधी ड्रायव्हरचं दार उघडायला लावलं आणि स्टिकर वाचला. मंजुळाने कलावतीकडे बघितलं. इथेच घ्यायचे!

टायर आले. मंजुळाने वाकून चार आकडे शोधले. १८२५. याच सालाचे, अठरावा आठवडा.

मंदाकिनी बघत राहिली. "ताई, वीस वर्षं इथे बसतेय मी. टायरची तारीख बघणारी बाई पहिल्यांदा बघतेय. पुरुषही बघत नाहीत, टायरला लाथ मारून बघतात."

"लाथेने काय कळतं?"

"काही नाही. त्यांना बरं वाटतं."

एवढ्यात कलावतीचं बोट टायरवरच्या दुसऱ्या एका आकड्यावर गेलं. "हे पंच्याहत्तर टी काय आहे?"

"टी म्हणजे वेगाची हद्द. पंच्याहत्तर म्हणजे वजन किती पेलेल त्याचा नंबर. पंच्याहत्तर असेल तर तीनशे सत्त्याऐंशी किलो."

"चारी मिळून?"

"एकाला."

कलावती खुर्चीवरून उठली. "एकाला तीनशे सत्त्याऐंशी? आणि ते जुने बुटके?"

मंदाकिनीने जुन्या टायरकडे बघितलं. "त्र्याहत्तर. तीनशे पासष्ट."

"मंजे! ऐकलंस? त्या बुटक्यांनासुद्धा मी जड नव्हते!" मग मंदाकिनीकडे वळून, "म्हणजे चारांचे पंधराशे किलो. गाडी किती, आठशे-साडेआठशे? राहिले सहा-सातशे!"

"अहो, पण गाडी तेवढी भरायची नाही हां," मंदाकिनी घाईने म्हणाली. "माणसं पाचच."

"पाचही मी एकटीच असते तरी चाललं असतं," कलावती म्हणाली आणि तिथूनच तिने दुकानातल्या तिन्ही माणसांना तिचे आठ महिने पहिल्यापासून सांगायला घेतले.

इकडे भाव. मंदाकिनीने बत्तीसशे सांगितले. मंजुळा म्हणाली अठ्ठावीसशे. मंदाकिनी नाही म्हणाली, आणि नाही म्हणताना तिने खांद्यावरून ओघळणारा ब्लाउज वर ओढला. पाच मिनिटांत ती तिसऱ्यांदा ओढत होती. मंजुळाला आता टायर दिसेनात.

"तुमचा ब्लाउज कुणी शिवला?"

"का?"

"खांदा पाऊण इंच जास्त घेतलाय. तुमचा साडेतेरा आहे, त्याने सव्वाचौदा कापलाय. मोठा गळा मागितलात तेव्हा त्याने खांदा कमी केला नाही."

मंदाकिनीचा हात खांद्यावरच राहिला. "अहो, गेली दोन वर्षं मी हे ओढतेय. मला वाटलं माझेच खांदे पडलेत."

"खांद्यांना काही झालं नाहीये. माप चुकलंय," मंजुळा म्हणाली. पर्समध्ये सुईदोरा होताच. चाकं उतरली, जुने टायर निघाले, नवे चढले, चाकांचं वजन बॅलन्स करणारं यंत्र घरघरत राहिलं, आणि तेवढ्या वेळात मागच्या खोलीत मंजुळाने दोन्ही खांद्यांना आतून टीप घालून दिली. मंदाकिनी आरशासमोर हात वर करून, खाली करून, गोल फिरवून बघत होती. ब्लाउज जागचा हलला नाही. ती बाहेर आली ती हात फिरवतच.

"एकोणतीसशे पन्नास," ती म्हणाली. "फिटिंग, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह, अलाइनमेंट, सगळं त्यात. आणि मला नवरात्राचे नऊच्या नऊ तुम्हीच शिवून द्यायचे."

"नऊ? दिवस किती राहिलेत!"

"बारा."

मंजुळाने मान डोलावली. दुकानात आधीच डोंगर पडलेला, पण त्या घटकेला तिला चौऱ्याण्णव सांगितले असते तरी तिने हो म्हटलं असतं.

निघताना कलावतीने गाडी एका खानावळीपुढे थांबवायला लावली. सुरमई थाळी मागवली आणि भात तीनदा घेतला. पहिल्या घासाला डोळे मिटले. मंजुळाने स्वतःची वाटीही तिच्याकडे सरकवली. तिसऱ्या भातावर सोलकढी ओतताना कलावती म्हणाली, "माफ केलं जा."

कल्याणात शिरल्यावर पहिला स्पीडब्रेकर आला. कलावतीचा हात सवयीने दाराच्या कडीवर.

"बसा!" मंजुळा म्हणाली.

गाडी चढली. दोघींनी श्वास धरला. गाडी उतरली. आवाज नाही. काही म्हणजे काहीच नाही.

"झाला?" कलावतीने विचारलं.

"झाला."

"परत जा."

मंजुळाने पुढून वळण घेतलं आणि परत आली. मग पुन्हा. त्या एकाच स्पीडब्रेकरवरून त्या चारदा गेल्या. चौथ्यांदा तर कलावती सीटवर मुद्दाम आपटून बसली. रिक्षा स्टँडपाशी गाडी न थांबता पुढे गेली तेव्हा तो सलामवाला उभाच राहिला, आणि कलावतीने खिडकीतून हात बाहेर काढून त्यालाच सलाम ठोकला.

रविवारी खडवली. दुकानात कामाचा डोंगर तसाच होता, पण मंजुळा म्हणाली चार तास गेले तर गेले. मागे राजरत्न डोळे मिटून, पुढे कलावती, मांडीवर आबांसाठी उकडलेल्या अंड्यांचा डबा. मुख्य रस्ता सोडला आणि तो सिमेंटचा उंचवटा आला. मंजुळाने ब्रेक दाबला.

राजरत्न डोळे उघडून खाली उतरला. वाकून उंचवट्याखाली बघितलं. "पाइप वर घेतलाय यांनी," तो म्हणाला. "निदान फूटभर खोल पाहिजे. कुणी टाकला हा?"

"अहो, पाइपाचं राहू द्या. गाडी जाईल का बघा!"

तो बाजूला झाला आणि पाण्याच्या टाकीची पातळी बघावी तसा डोळे बारीक करून गाडीखाली बघत राहिला. मंजुळाने पहिल्या गिअरमध्ये, इंच इंच, पुढची चाकं वर घेतली. पोट उंचवट्यावर आलं. तिने मान आखडून घेतली, जसं काही तिचंच पोट होतं.

"ये!" राजरत्न ओरडला. या माणसाला ओरडताना तिने लग्नानंतर प्रथमच ऐकलं. "ये, ये, बोटभर जागा आहे! ये!"

गेली!

आबा दारातच होते. सकाळी सहापासून पांढरा सदरा घालून बसलेले, असं शेजारची सांगत होती. गाडी अंगणात, अगदी उंबऱ्यापर्यंत आली तेव्हा ते उठले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "पुढची चाकं थोडी डावीकडं घे. तुळस नको दाबू उत्तमची."

मंजुळाला रडायला येत होतं आणि हसायलाही. तिने चाकं डावीकडे घेतली.

आबांना पुढच्या सीटवर बसवलं. कलावती मागे राजरत्नशेजारी गेली. गावात एक चक्कर मारू, असं ठरलं. एक झाली. आबा म्हणाले, आता उलट्या दिशेने. तीही झाली. शाळेपुढे त्यांनी हॉर्न वाजवायला लावला, दुकानापुढे वाजवायला लावला, आणि कुणीही नसलेल्या मोकळ्या शेतापुढेही वाजवायला लावला. राजरत्न डोळे मिटायचं विसरला. तिसऱ्या चकरेला, परत घरापाशी आल्यावर, तुळशीचा मालक, शेजारचा उत्तम, बाहेर येऊन उभा. तोही ऐंशीच्या पुढचा.

आबांनी काच खाली करायला सांगितली. "येतोस काय? भातसा नदीवर जातोय आम्ही."

हे मंजुळालाही तेव्हाच कळलं.

"जागा आहे?" उत्तमने विचारलं.

"पाच जणांची परवानगी आहे!" कलावती मागून ओरडली आणि सरकून बसली. "या! सहा-सातशे किलो आहेत आपल्याकडे!"

उत्तमने पायातल्या चपला काढल्या, चिखल लागू नये म्हणून हातात धरल्या, आणि चपला हातात घेऊनच तो आत शिरला. दार दोनदा लावलं तेव्हा नीट लागलं. मंजुळाने आरशात बघितलं. मागे तीन तोंडं, तिन्ही हसणारी. बाजूला आबा, सदऱ्याची कॉलर नीट करत, समोर बघत.

"चल," आबा म्हणाले. "आणि जरा पळव. ऐंशीने चालवतेस म्हणे."